काळीची फांदी

१ फेब्रुवारी, शनिवार

काल चोरी केली. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. वीतभर फांदी, ओल्या टिश्यूत गुंडाळून, पर्समध्ये, वर रुमाल. आणि तीही निवृत्तीच्या दिवशी!

कॉलेजने भिंतीवरचं घड्याळ दिलं. एकतीस वर्षं प्रयोगशाळेत मदतनीस होते, एक दिवस उशिरा गेले नाही, आणि मलाच घड्याळ! केक होता. पाहुणे म्हणून सर आले होते. स्वतः निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी वनस्पतिशास्त्र विभागात त्यांच्याशिवाय पान हलत नाही. भाषणात म्हणाले, "बाईंच्या हातून कधी बाटली फुटली नाही." संपलं. एकतीस वर्षांचा अर्क — बाटली फुटली नाही.

मग सगळे काचघर बघायला गेले. काळीपुढे, आमच्या त्या काळ्या घटपर्णीपुढे, उभं राहून फोटो काढले. पाटीवर झाडाचं नाव म्हणून सरांच्या नातीचं नाव. खाली — 'संकर : प्रा. अमुक अमुक.'

संकर कोणी केला ते मला माहीत आहे आणि सरांना माहीत आहे. तिसऱ्या कोणाला नाही. घटपर्णीत नर झाड वेगळं आणि मादी वेगळी, आणि दोघं एका वेळी फुलतील तर शपथ. अकरा वर्षांपूर्वी नर फुलला, तेव्हा परागकण मी बटर पेपरच्या पुडीत घालून फ्रिजमध्ये ठेवले. दीड महिन्याने मादी फुलली, तो रविवार होता. सर परिषदेला गेले होते. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन, घरच्या भुवयांच्या ब्रशने एकेका फुलावर परागकण टेकवले. केसासारखं बारीक बी आलं. चाळीस रोपं झाली. एकोणचाळीस हिरवी, आईसारखी. एक काळी! घट म्हणजे काजळाची डबीच. परागकण टेकवल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सरांना सांगितलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, "अरे वा, आपण करणारच होतो."

आपण!

काल सगळे केक कापायला गेले. "बाई, चला, तुमच्यासाठीच आहे," असं कोणीतरी ओरडलं. मी म्हटलं, आले. खिशात ब्लेड होतंच. टोकाची फांदी, घट नसलेली, नुसती पानं — लपवायला सोपी. एक छाट. मग जाऊन केक खाल्ला.

२ फेब्रुवारी, रविवार

फांदीचे चार तुकडे केले, प्रत्येकी दोन पेरांचे. पानं निम्मी कापली, नाहीतर मुळं नसलेली फांदी सगळं पाणी पानांवाटे घालवून बसते. मॉस, म्हणजे वाळवलेलं शेवाळ, भिजवून पिळून घेतलं. चार पेले, वर जुना माशांचा टँक उलटा घातला, म्हणजे दमट राहील. बाथरूमच्या खिडकीत ठेवलं. तिथे उजेड भरपूर, ऊन नाही.

हे लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून येताना बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घेऊन येतात, दोन कॅन. नळाचं पाणी ह्या झाडांना विष. क्षार सोसत नाहीत. पौष्टिक जमीन तर त्याहून नाही. उपाशीपोटी मोठी झालेली जात. माशी पकडते ती हौसेने नाही, जमिनीने काही दिलं नाही म्हणून.

हे म्हणाले, "घरात माशी औषधाला सापडत नाही, आणि माशा खाणारी झाडं सत्तावीस!" आता अठ्ठावीस, असं मी सांगितलं नाही. मग टँक दिसलाच. "हे काय?" "कॉलेजमधून आणलं." "दिलं त्यांनी?" "घड्याळ दिलं," मी म्हटलं.

ह्यांनी आरसा उचलला आणि दाढीचं सामान स्वयंपाकघरात नेलं.

९ फेब्रुवारी, रविवार

चौघंही हिरवे. हात लावायचा नाही. उपटून बघायचं नाही. बघायचं नाही!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चार नंबर गेला. खालून काळा, बोटाने दाबला तर मऊ. मॉसमधून काढून डब्यात टाकला, पेला उकळत्या पाण्याने धुतला.

फ्रिजवरच्या जॅमच्या बाटल्यांत मात्र जत्रा भरली आहे. दवबिंदूची, त्या चिकट थेंबांनी किडे धरणाऱ्या झाडाची, पानं नुसती पाण्यात तरंगत ठेवली होती, त्यांच्या कडांना चिमुकली रोपं फुटली. माशी बसली की पान मिटणाऱ्या फ्लायट्रॅपची बुडापासून ओढून काढलेली तीन पानंही तगली. हे सगळं फुकट उगवतं. ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागलाय ते मात्र कुजतं.

काळीची दुसरी रोपं करून ठेवू या, असं मी सरांना किती वेळा म्हटलं असेल. एकच असणं धोक्याचं. सर म्हणायचे, "दुर्मीळ आहे ते दुर्मीळच राहू दे, बाई." अकरा वर्षं मी त्या एका झाडावर डोळ्यांत तेल घालून बसले. सुट्टीवर गेले तरी जीव तिथे. लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी पाणी घालायला गेले होते. आणि काळीवर सरांनी छापलेल्या लेखाच्या शेवटी काय? 'प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे आभार.' सहकारी! आम्ही दोघी होतो, मी आणि झाडूवाली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

माझ्या जागी लायब्ररीतून एका भाऊंना आणून बसवलंय. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पुस्तकं शिवण्यात जन्म गेला. साधा माणूस. दुपारी त्यांचा फोन आला.

"ताई, त्रास देतोय. ते काळं झाड आहे ना — पानं कडेने तपकिरी पडतायत. पाणी तर रोज घालतो."

"कुठलं घालता?"

"पाणी? नळाचं. ते मशीन बिघडलंय ना पाण्याचं, महिना होत आला. अर्ज दिलाय विभागाच्या मॅडमनी. आणि जरा खतही दिलं, दोन चमचे. म्हटलं, अशक्त दिसतंय बिचारं."

खत! नळाचं पाणी आणि वर खत! तोंडापर्यंत आलं होतं, की भाऊ, आत्ताच्या आत्ता सगळं मॉस बदला, शुद्ध पाण्याने मुळं धुवा, पानं छाटा, अजून वेळ गेली नाही. पाच मिनिटांचं सांगणं.

म्हटलं, "मॅडमना विचारा. आता माझा काही संबंध नाही."

ते म्हणाले, "बरं ताई, सॉरी हं." सॉरी म्हणाले!

२७ फेब्रुवारी, गुरुवार

माझा खरंच काही संबंध नाही. पाटीवर नाव कोणाचं? त्यांनी सांभाळावं.

९ मार्च, रविवार

दोन नंबर गेला. राहिले एक आणि तीन.

मॅडमचा फोन. विभागप्रमुख आहेत, पण आवाज रडवेला. "मावशी, एकदा येऊन बघून जा ना. निम्मी पानं गळली. तुमच्याशिवाय कोणाला कळत नाही त्यातलं. मी गाडी घेऊन येते न्यायला."

मी सांगितलं, गुडघा धरलाय, जिना उतरता येत नाही.

फोन ठेवला तर हे दारात. "गुडघा कधी धरला?" "आत्ता." "सकाळी तर दोन कॅन घेऊन तीन मजले चढलीस." मी भाजी चिरायला घेतली. हे म्हणाले, "जाऊन ये गं. वीस मिनिटांचा तर रस्ता."

ह्यांना काय सांगू? एकतीस वर्षं मी बाई होते, मावशी होते, ताई होते. त्या इमारतीत एका माणसाने माझं नाव घेतलं नाही. आता पाय धरायला आले. आणि मी का जाऊ? काळी काही मरत नाहीये. काळी माझ्या बाथरूममध्ये आहे! तिकडे मरतेय ती सरांची पाटी.

१८ मार्च, मंगळवार

एक नंबरच्या वरच्या पेरातून डोळा फुटला! हिरवा, मोहरीएवढा. भिंग घेऊन पाहिलं. खरंच आहे. तीन नंबर त्याच सकाळी काळा पडला. पडू दे. एक पुरे.

दुपारी एकटीच हसत होते.

२ एप्रिल, बुधवार

कॉलेजमधली काळी गेली. मॅडमनी मेसेज पाठवला, सोबत फोटो. वाळकी काठी, आणि खाली पाटी तशीच चकचकीत.

संध्याकाळी भाऊंचा फोन. म्हणाले, "ताई, माझ्या हातून गेलं हो. अकरा वर्षांचं झाड. घास उतरत नाही बघा. मॅडम काही बोलल्या नाहीत, पण वाटतं ना माणसाला."

मी म्हटलं, "होतं असं, भाऊ. झाडं जातात."

किती गोड आवाजात म्हटलं! माझं मलाच ऐकवेना. पण म्हटलं.

२० एप्रिल, रविवार

सर आले होते. घरी! एकतीस वर्षांत पहिल्यांदा. न कळवता, अकराच्या सुमारास, तीन मजले चढून. दार उघडलं तर धापा टाकत उभे. खूप वाळलेत. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल.

ह्यांनी खुर्ची दिली. सर बसले नाहीत, आधी खिडकीतली दवबिंदूची रोपं बघायला गेले. "हे सगळं पानांपासून?" "हो." "किती टक्के यश?" "नव्वदच्या वर." "नोंदी ठेवल्यात?" "नाही ठेवल्या," मी म्हटलं. ठेवल्या आहेत. का सांगू?

मग म्हणाले, "हात धुऊ का जरा? जिन्याचा कठडा धुळीचा आहे." आणि बाथरूमकडे वळले. "सर, तिथला नळ बिघडलाय. इकडे धुवा, स्वयंपाकघरात." हे माझ्याकडे बघतच राहिले. दुनियेच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरात नळ बिघडलेला! पण ह्यांनी निमूट टॉवेल दिला, आणि चहा टाकायला गेले.

सर बसले. चहा घेतला. बशीत सांडला थोडा. मग म्हणाले, "बाई, तुमच्याकडे आहे का ते?"

"काय?"

"तुम्हाला माहीत आहे काय ते. तुमच्यासारखी बाई रिकाम्या हाताने जाणार नाही तिथून. मी रागावणार नाही. उलट—" इथे थांबले. "उलट मला बरं वाटेल."

मी कपबशी उचलायला वाकले.

"लेखाच्या पहिल्या मसुद्यात तुमचं नाव होतं," ते म्हणाले. "माझ्या नावाच्या खाली. मग मी ते काढलं."

अकरा वर्षं मी ह्या वाक्याची वाट बघत होते. आलं तेव्हा चहाची कपबशी उचलत होते. ती तशीच हातात राहिली.

"का काढलं?"

"लोकांनी विचारलं असतं, ह्या कोण? शिक्षण काय? मला उत्तर देत बसायचं नव्हतं." मान खाली. "आणि दुसरं म्हणजे — सगळं तुम्हीच केलं होतंत. दोन नावं आली असती तर ते कधीतरी कोणाच्या तरी लक्षात आलं असतं."

आतून हे ऐकत होते, मला माहीत आहे. भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

"माझं चुकलं," सर म्हणाले. "आता त्याचा उपयोग नाही. झाडच नाही. पण तुमच्याकडे असेल तर फक्त आहे म्हणा. मला बघायचंही नाही. कोणाला सांगणार नाही. जगात कुठेतरी ते आहे एवढं कळलं, तर मला..."

चष्मा काढून पुसत बसले.

एका दारापलीकडे होतं. आठ पावलं. एक नंबरला तोवर तीन पानं आली होती. मी उठून दार उघडलं असतं तर? म्हाताऱ्याला घटकाभर सुख झालं असतं. आणि मला? मला काय झालं असतं? एकतीस वर्षांचं सगळं त्याच्या 'चुकलं' ह्या एका शब्दात फिटलं असतं! इतकं स्वस्त नाही द्यायचं.

"नाही, सर," मी म्हटलं. "माझ्याकडे काही नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग उठले. ह्यांनी खालपर्यंत सोबत केली.

२१ एप्रिल, सोमवार

हे बोलत नाहीत. दाढी अजून स्वयंपाकघरातच.

११ मे, रविवार

भांडण झालं. गेले तीन आठवडे तुंबलेलं आज फुटलं.

"तो माणूस जिन्यात बसला होता, पायरीवर," हे म्हणाले. "उठवत नव्हतं त्याला. मी धरून उठवला. आणि मी वर आलो तर तू झाडाला पाणी घालत होतीस."

"मग काय आरती ओवाळू त्यांची? अकरा वर्षं माझं तोंड दाबलं त्यांनी!"

"दाबलं ना. चूकच केली त्याने. ती कबूल करायला आला होता. त्या लायब्ररीवाल्याने काय घोडं मारलंय तुझं? तोही खचला बिचारा. नळाचं पाणी चालत नाही एवढं सांगायला तुझं काय जात होतं?"

म्हणजे स्पीकरवरचे भाऊंचे फोनही ह्यांनी ऐकले होते. सगळं ऐकतात, आणि महिनोन्‌महिने तोंडात मिठाची गुळणी!

मी म्हटलं, "तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही लिफ्ट दुरुस्त करता, लोक थँक्यू म्हणतात."

"कोण म्हणतं?" हे म्हणाले. "कोणी बघतही नाही माझ्याकडे. दार उघडलं की पळतात." आणि चप्पल घालून बाहेर गेले.

हे मला कधी सुचलंच नव्हतं. पस्तीस वर्षांत मी एकदाही विचारलं नाही.

पण तरी. तरी!

२४ जून, मंगळवार

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी शहरातल्या बागवाल्यांचं प्रदर्शन आहे. फॉर्म आणला. रकाना पहिला, वनस्पतीचं नाव. लिहिलं — काळी. नातीबितीचं नाव नाही, मी पहिल्या दिवसापासून हाक मारत होते तेच. रकाना दुसरा, संकर करणाऱ्याचं नाव. तिथे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, शाईच्या पेनाने, सावकाश. आडनावाशी पेन अडखळलं. किती दिवसांनी लिहीत होते!

सरांनाही पत्रिका पाठवणार. मॅडमना पण. पहिल्या रांगेत बसवणार. बघा म्हणावं.

एक नंबरला आता सहा पानं आहेत. पेला बदलून टोपलीत घातलं, नवं मॉस, नारळाच्या सालीचे तुकडे. पानांच्या टोकांना शेपट्या सुटल्यात. शेपटीचं टोक फुगलं की घट.

१९ जुलै, शनिवार

सगळ्यात वरच्या शेपटीचं टोक फुगलंय! शेंगदाण्याएवढं. वर वळलंय. झाकण अजून चिकटलेलं. आत काय चाललंय ते दिसत नाही. दिवसातून दहा वेळा जाते.

ह्यांना हाक मारून दाखवलं. आले, वाकून पाहिलं. "छान आहे," म्हणाले. "खरंच छान आहे." मे महिन्यानंतर पहिल्यांदा खांद्यावर हात ठेवला. मला रडू आलं. का, कोण जाणे. आपणच जिंकत असताना रडायचं काय कारण?

३१ जुलै, गुरुवार

बोटाच्या पेराएवढा झाला. बाहेरून अजून फिकट. रंग उघडल्यावर चढतो.

प्रदर्शनवाल्यांचा फोन आला, मधलं टेबल देतो म्हणाले.

६ ऑगस्ट, बुधवार

सकाळी झाकण उघडलं. हिरवा.

दिवसभर बघत बसले. रंग चढेल, चढेल. पण मला माहीत आहे. काळीचा पहिला घट नखाएवढा होता, तोही उघडताच काळा होता. आणि ह्याचा ओठ रुंद, गुळगुळीत — आईचा. काचघरात मायलेकी एकाच जाळीवर चढवल्या होत्या, एकमेकींत गुंतलेल्या. केक कापायला हाका मारत होते. मी घाईत आईची फांदी कापली. तसली हिरवी झाडं कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यात एकोणचाळीस पडली आहेत.

म्हणजे काळी ती एकच होती. फेब्रुवारीत ती जिवंत होती, आणि मला फोन आला होता.

७ ऑगस्ट, गुरुवार

भाऊंना फोन केला. म्हटलं, "भाऊ, झाड तुमच्या हातून नाही गेलं. माझ्यामुळे गेलं. मला तेव्हाच कळलं होतं, नळाचं पाणी आणि खत. मी सांगितलं नाही."

भाऊ म्हणाले, "मी विचारलं होतं ना तुम्हाला, ताई."